चोपन्न पत्त्यांचा अभ्यासक्रम

२ तारीख, सोमवार

पदवी मिळाली तेव्हा कॉलेजातल्या बाईंनी मला ही वही भेट दिली होती. दीड वर्ष कोरी ठेवली, कारण पहिल्या पानावर लिहिण्याजोगं काहीतरी थोर घडेल अशी मी वाट पाहत होते. थोर काही घडलं नाही. बाबांना अर्धांगाचा झटका आला.

त्याला आज सात आठवडे झाले. पाय सुधारला, उजवा हात निम्मा सुधारला, बोलणं मात्र गेलं. समजतं सगळं, शब्द सापडत नाहीत. दवाखान्यात वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या की शब्द पळालेले नाहीत, दाराशी अडकलेत. चित्रं दाखवा, नावं विचारा, रोज, न कंटाळता. न कंटाळणं हा तर माझा हुकमी विषय.

बाईंच्या चित्रांच्या संचात हत्ती, विमान आणि अननस होते. बाबा तीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त करतात. विमानाशी त्यांचा कधी संबंध आला नाही. अननसाकडे तर त्यांनी असं पाहिलं, जणू आधी अननसानंच आपली ओळख द्यावी.

तेव्हाच मला कल्पना सुचली. ऑनलाइन फोटो पाठवले की जाड, चकचकीत पत्ते छापून घरपोच मिळतात, चोपन्नाचा संच. बाबांची स्वतःची हत्यारं, स्वतःचं घर, स्वतःची माणसं, आणि प्रत्येकाखाली ठळक अक्षरात नाव. एवढी साधी गोष्ट वैद्यकशास्त्राला कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटलं. ते अजून ओसरलेलं नाही.

आता एक खाजगी गोष्ट. तेवीस तारखेला मला सहा तासांवरच्या गावी सार्वजनिक वाचनालयात रुजू व्हायचं आहे. आमच्या घरात खुर्चीवर बसून करायची ही पहिली नोकरी. मी ठरवलंय की तोपर्यंत बाबा माझ्याशी एक शब्द जरी बोलले तर जाईन. नाही बोलले तर नाही जाणार. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. त्यागाची आगाऊ जाहिरात करू नये.

३ तारीख, मंगळवार

खाटेवरची पांढरी चादर खिडकीशी टांगून दिवसभर फोटो काढले. बाबांची कामाची पिशवी रिकामी केली. पेचकस लहान, पेचकस मोठा, तेलाची कुपी, बॉबिन, शटल, चामडी पट्टा, सुयांची डबी. मग घरातलं: कंदील, कुलूप, बादली, चप्पल. मग आई. आईनं फोटोसाठी केस विंचरले आणि नेमके डोळे मिटले. पाच वेळा.

बाबा खुर्चीवरून बघत होते. मी एखादं हत्यार उचललं की त्यांचा डावा हात थोडा पुढे यायचा आणि मागे जायचा. मी ते वहीत टिपून ठेवलं: "उत्सुकता दिसते." सगळं पिशवीत परत भरलं, तर त्यांनी सगळं पुन्हा बाहेर काढलं आणि आपल्या पद्धतीनं भरलं. तेही टिपलं: "हातांना व्यायाम."

नावं काय छापायची यावर आईशी वाद झाला. एका वाकड्या हत्याराला बाबा काय म्हणतात, असं तिला विचारलं. ती म्हणाली, काहीच नाही म्हणत. ते मशीनखाली डोकं घालतात, हात मागे करतात, मला कळतं काय द्यायचं. म्हटलं, अगं, पण नाव? "नाव घ्यायला तोंड कुठे मोकळं असतं? तोंडात स्क्रू असतात."

पंचवीस वर्षं एकमेकांशी हे असं चालत असेल तर शब्द अडकणारच. मी शब्दकोश काढला.

४ तारीख, बुधवार

ऑर्डर दिली. आधी सरावासाठी मी माझा पदवीदानाचा फोटो चढवला: काळा झगा, चौकोनी टोपी, चेहऱ्यावर देशाची जबाबदारी. त्याखाली "मुलगी" असं छापलं. अक्षराचं वळण, कडेची निळी रेघ, सगळं मनासारखं जमलं. मग बाकीचे त्रेपन्न फोटो आणि त्रेपन्न नावं एकेक करून चढवली. दर पत्त्याला ते वळण आणि ती रेघ पुन्हा निवडावी लागणार म्हणून मी हवालदिल झाले होते, तेवढ्यात खाली एक लहानसा चौकोन दिसला: "सर्व पत्त्यांना हेच लागू करा." किती विचार करतात ही माणसं ग्राहकाचा! खूण केली.

शेवटी "मी संपूर्ण संच तपासला आहे" असा आणखी एक चौकोन होता. शुद्धलेखन तर मी आधीच कागदावर तीनदा तपासलं होतं, म्हणून तिथंही निःशंक मनानं खूण केली.

पार्सल बारा तारखेपर्यंत येणार. म्हणजे शिकवायला दहा दिवस उरतात. दिवसाला सहा पत्ते, शेवटी उजळणी. चार रंगांच्या शाईत वेळापत्रक करून बाबांच्या खाटेसमोर लावलं. बाबांनी ते बराच वेळ पाहिलं आणि मग कूस बदलली.

६ तारीख, शुक्रवार

पत्ते येईपर्यंत वेळ वाया जाऊ नये म्हणून खऱ्या वस्तू समोर ठेवून तयारी सुरू केली. मी खुर्चीवर, मांडीवर रजिस्टर, हातात लाल पेन. बाबा समोर. कुपी धरते आणि विचारते, बाबा, हे काय? ते ओठ जुळवतात. कपाळावर घाम येतो. मी अजिबात घाई करत नाही, फक्त घड्याळ बघते. वीस सेकंद झाली की फुली.

आज दहापैकी शून्य. तरी मी मोठ्यानं शाबास म्हटलं. त्यावर ते माझ्याकडे बघेनात.

चार वाजता ते रोजच्यासारखे फिरायला गेले, म्हणजे भिंतीपलीकडच्या शिवणवाल्या मावशींपर्यंत. मावशी शाळांचे गणवेश शिवतात आणि सगळ्यांची मापं तोंडपाठ ठेवतात, सवयींसकट. बाबा तासाभरानं परतले तर बोटं तेलानं काळी. मी साबण दिला आणि आईला म्हटलं की यांना हात कुठे लावतोय याचं भान राहत नाही, दवाखान्यातल्या बाईंना सांगायला हवं. आई हसू दाबत होती, बहुधा काळजीनं.

९ तारीख, सोमवार

ऑर्डरची स्थिती: "छपाई सुरू." सकाळी आठला बघितलं, नऊला बघितलं, सव्वानऊला बघितलं. ज्या माणसानं परीक्षेचा निकाल असा बघितला नाही, तो पत्त्यांचा बघतोय.

दहापैकी शून्य.

१० तारीख, मंगळवार

दुपारी अभ्यासक्रमाची टिपणं काढत होते तर मावशींकडे कोणी पुरुष पाहुणा आल्यासारखं वाटलं. घोगरा आवाज. एखादाच शब्द, मग बराच वेळ काही नाही, मग मावशींचं खदखदून हसणं. पुन्हा एखादा शब्द. कोण असे घुमे पाहुणे येतात देव जाणे. बिचारे बाबा तिथंच बसले होते; पाहुण्यांसमोर गप्प बसून त्यांना किती अवघडल्यासारखं झालं असेल.

परतल्यावर मी त्यांना त्याबद्दल धीर दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि आई एकदम भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

१२ तारीख, गुरुवार

आज पार्सल यायचं होतं. सकाळपासून दार उघडं ठेवलं. दूधवाला, मीटर बघणारा आणि पत्ता चुकलेला एक गृहस्थ येऊन गेले. पार्सल नाही.

संध्याकाळी त्यांच्या संकेतस्थळावरच्या मदतमित्राला लिहिलं. तो माणूस नाही, यंत्र आहे, हे मला चौथ्या उत्तराला कळलं. मी लिहिलं, माझ्या वडिलांचं बोलणं या पत्त्यांवर अवलंबून आहे. तो म्हणाला, आपला आनंद हाच आमचा आनंद. मी लिहिलं, ते सात आठवड्यांत, नाही, आता साडेआठ, एक शब्द बोललेले नाहीत. तो म्हणाला, या संवादाला आपण पाचपैकी किती तारे द्याल?

दोन दिले. शून्य द्यायला मन होईना. रोज शून्य देऊन बघितलंय, कसं वाटतं ते.

१४ तारीख, शनिवार

पार्सल गावातल्या वाटप केंद्रावर पोचलं असं कळलं, म्हणून स्वतः गेले. पत्र्याच्या छपराखाली खोक्यांचे डोंगर आणि त्यात एक माणूस, ज्याला सगळे "मेजर" म्हणत होते. तो म्हणाला, ताई, तुमचं खोकं इथं आहे हे नक्की, पण कुठे आहे ते मंगळवारी कळेल. मी त्याला बोलणं आणि मेंदूचा डावा भाग यांच्यावर पाच मिनिटं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, नाजूक माल असा शिक्का आहे का त्यावर? नाही म्हटलं. मग मंगळवारीच.

१५ तारीख, रविवार

दहापैकी शून्य. आज बाबांनी कुपीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते रजिस्टरकडे बघत होते.

वाचनालयाला पत्र लिहिलं: घरगुती कारणास्तव तीन महिन्यांनी रुजू होण्याची परवानगी मिळावी. तीन महिन्यांनी जागा राहत नाही हे मला ठाऊक आहे. पत्र सुंदर उतरलं. आपल्याला न मिळणाऱ्या गोष्टींविषयी मी नेहमीच चांगलं लिहिते.

पाकीट उशीखाली ठेवलं. चादर बदलताना आईला सापडलं. तिनं ते वाचलं नसावं, कारण तिला माझं अक्षर लागत नाही असं ती नेहमी म्हणते. फक्त विचारलं, याला तिकीट लावायचं राहिलंय का? म्हटलं, हो. ती म्हणाली, मग राहू दे.

१७ तारीख, मंगळवार

आलं!

मी समारंभ केला, हे कबूल करते. बाबांना खुर्चीत बसवलं, आई बटणाच्या कारखान्यातून लवकर आली, मावशींना मुद्दाम बोलावलं. मी दोन शब्द बोलले. दोनशे असतील. बाबांचा शब्दांकडे परतीचा प्रवास वगैरे. मग डबी उघडली.

पहिला पत्ता: मी. झगा, टोपी, निळी रेघ, "मुलगी." छापील काम अप्रतिम. दुसरा पत्ता: मी. वाटलं, चुकून दोन आले. तिसरा: मी. मावशी पुढे सरकून बघू लागल्या. मी पत्ते भराभर काढत गेले आणि प्रत्येकातून मी वर येत गेले, तीच मान, तीच जबाबदारी. कुपी नाही, पेचकस नाही, आई नाही. चोपन्न वेळा मी.

तेव्हा तो लहानसा चौकोन आठवला. सर्व पत्त्यांना हेच लागू करा. त्यांनी केलं.

शेवटी मावशी म्हणाल्या, "बाकी काही म्हण, पोरी, आता तुला विसरायची यांची बिशाद नाही."

आणि बाबा हसले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा. त्यांनी डाव्या हातानं सगळे पत्ते ओढले, जमेल तसे पिसले आणि वाटले: आईला मी, मावशींना मी, मला मी. आईनं हातातली पानं उलगडून गंभीरपणे एक पान खाली टाकलं. मावशींनी त्यावर मला टाकलं. डाव बाबांनी जिंकला. कसा ते मला कळलं नाही.

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. पाणी फुकट घालवल्याचंही वाईट वाटलं.

१८ तारीख, बुधवार

मदतमित्राचं उत्तर: ग्राहकाने संच तपासून मान्य केला होता. बरोबर आहे. मला स्वतःचाच राग आला असता, पण तेवढ्यात आईनं वेगळंच प्रकरण काढलं.

मी रजिस्टर आणि पेन घेऊन बाबांना शोधत होते. आईनं दोन्ही काढून घेतलं आणि मला पाटावर बसवलं. म्हणाली, मावशीकडचा तो पाहुणा कोण, अजून कळलं नाही का तुला? मी म्हटलं, कोण? तिनं कपाळाला हात लावला.

बाबा बोलतात. तीन आठवडे झाले. मावशीकडे बोलतात, आईशी बोलतात, दूधवाल्याशी बोलतात. एखादाच शब्द, कधी अर्धा, कधी भलताच. पण बोलतात. फक्त माझ्याशी बोलत नाहीत.

मी विचारलं, का?

"चौथीत मास्तरांनी यांना रोज उभं करून विचारायचं आणि रोज वहीत फुली मारायची. त्यापायी शाळा सोडली. आता घरात पदवीधर लेक वही घेऊन समोर बसते. त्यांना तुझ्यासमोर नापास व्हायचं नाही गं."

मी रजिस्टर उघडून बघितलं. बारा पानं. सगळी लाल. अक्षर फार नीटनेटकं आहे.

एवढ्यात भिंतीवर तीन टकटक झाल्या. मावशी बाबांना बोलावतात ते असं. इतके दिवस मला वाटत होतं, त्या खिळा ठोकतायत. आई म्हणाली, आज तू जा बरोबर. वहीशिवाय.

मावशींचं मशीन खडखडत होतं. मशीनचं डोकं लाकडी फळीच्या खाचेत बसतं; खाच झिजली की ते हलतं आणि टाके सुटतात. खाली पातळ, कडक पुठ्ठा सारावा लागतो. बाबा पूर्वी बुटांच्या खोक्याचा वापरायचे, पण तो तेल पितो आणि महिन्याभरात बसतो. बाबांनी खिशातून एक पत्ता काढला. तो मी होते. त्यांनी तो बोटांत वाकवून पाहिला, कडेला तेलाचा थेंब टाकून पुसून पाहिला, आणि चेहऱ्यावर असं समाधान आलं जे माझा निकाल ऐकूनही आलं नव्हतं. मग डाव्या हातानं, जीभ दातांत धरून, त्यांनी मला मधोमध कापलं. टोपी एका कोपऱ्याखाली गेली, "मुलगी" दुसऱ्या.

मी विजेरी धरून उभी होते. बाबांनी मशीनखाली डोकं घातलं आणि हात मागे केला. हातात काय द्यायचं, मला कळलं नाही. लहान पेचकस दिला. हात तसाच. मोठा दिला. हात तसाच. मग ते वाकडं, बिननावाचं हत्यार दिलं, आणि बोटं मिटली.

"वर," बाबा म्हणाले.

मी विजेरी वर केली.

"अजून."

आणखी वर केली.

"हां. धर."

मी धरली. किती वेळ ते माहीत नाही, कारण घड्याळ बघितलं नाही. मावशींनी पायडल मारलं. मशीन एका सुरात चाललं. बाबा बाहेर आले, कान देऊन ऐकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बास."

माझ्या चोपन्न शब्दांत यातला एकही नव्हता.

२० तारीख, शुक्रवार

उशीखालचं पाकीट फाडलं. वेळापत्रकही काढलं, त्याच्या कोऱ्या बाजूवर आई लसूण वाळत घालते.

बाबांनी उरलेले पत्ते माझ्यापुढे ठेवले, एक उलटा केला, कोऱ्या बाजूवर बोट आपटलं आणि म्हणाले, "नंबर." पुढचा शब्द येईना. मला तो ठाऊक होता आणि मी तो सांगितला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला उत्तर येत असून मी हात वर केला नाही. बऱ्याच वेळानं तो आला: "लिही."

मग मी पत्त्यांच्या मागे लिहीत बसले: शिलाई मशीन दुरुस्ती, आणि आमचा फोन नंबर. बाबा पुन्हा काम घेणार आहेत, हळूहळू. आई बरोबर जाईल. गावातल्या प्रत्येक शिवणाऱ्या बाईच्या मशीनवर आता मी झग्यात, टोपीत विराजमान होणार. मावशी म्हणाल्या, पोरी, शिकून मोठी झालीस, आता गावभर चिकटणार.

दोन पत्ते मी स्वतःसाठी मागून घेतले.

२२ तारीख, रविवार

बसस्टँडवर आई सूचना देत होती, मी हो म्हणत होते. बसमध्ये चढणार तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला, तसाच, काही न सांगता. मी पाण्याची बाटली दिली. हात तसाच. छत्री दिली. तसाच. तिकीट दाखवलं. त्यांनी मान हलवली. आई गंमत बघत उभी. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि मी बाबांच्या हातात माझं अर्धं सामान ठेवून परत घेत होते.

मग कळलं. बॅगेच्या तळातून लाल फुल्यांचं रजिस्टर काढून त्यांच्या हातावर ठेवलं. ते मी का नेत होते, तेही सांगते: दर रविवारी फोनवरून चाचणी घ्यायचा माझा विचार होता. बोटं मिटली. त्यांनी ते काखेत घट्ट मारलं आणि बसच्या दाराकडे मान वळवून म्हणाले, "जा."

गेले.

२३ तारीख, सोमवार

रुजू झाले. वाचनालय जुनं आहे, पुस्तकं उत्तम, पंखा एक. कार्यालयात फॉर्म भरला तर दोन फोटो मागितले. ते आणायचं मी विसरले होते. सगळ्यांची तयारी करून घेणारी मी. बॅगेत ते दोन पत्ते होते, तेच पुढे केले.

ग्रंथपालबाईंनी चष्मा लावून पत्ता पाहिला. टोपी, झगा, निळी रेघ. मग खालचं अक्षर वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कापून देते हवं तर, कापायची मला सवय झालीय. त्या म्हणाल्या, कापू नका, फॉर्मवर बसतोय बरोबर.

तर माझ्या नोकरीच्या कागदांवर फोटोखाली, पदनामाच्या जागी, ठळक अक्षरात छापलेलं आहे: मुलगी. खाली शिक्का आणि सही.

संध्याकाळी घरी फोन केला. आईनं उचलला आणि बाबांना दिला. मी काही विचारलं नाही. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुठेतरी एक मशीन एका सुरात चाललेलं.